डबा किती दिवस पुरतो?

मागच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या. धुळ्याच्या दवाखान्यात अँजिओग्राफीआधी नर्स म्हणाली, "ताई, बांगड्या काढा, मनगटातून तार घालायची आहे." कासाराने साबण लावून चढवलेल्या हिरव्या बांगड्या, सणासाठी नव्याने भरलेल्या. निघतात कशाला! शेवटी तिने मनगटाला कापड गुंडाळलं आणि चिमट्याने एकेक फोडली. मुलाने बाहेर जाऊन आजीला तसंच सांगितलं, आई बरी आहे, बांगड्या फोडल्या. बाकी काही ऐकायच्या आत आत्याबाई त्याच्यावर कडाडल्या, "फोड्यात म्हनू नको रे, वाढवल्या म्हन!" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. वय ७८. ह्या गोष्टीत त्या पुष्कळदा येणार आहेत.

मी ५३ वर्षांची. अमळनेरला राहते, एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. त्याआधीचे तीन-चार महिने ग्रंथालयाचा जिना चढताना जबड्यात जडपणा यायचा. दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. छातीत जळजळ झाली की पित्त समजून गोळी घ्यायची. छातीत जोरात कळ येते, डावा हात दुखतो, माणूस छाती धरून खाली बसतो, असं आपण पाहिलेलं असतं. बायकांना पुष्कळदा असं काही होतच नाही. दम लागतो, मळमळतं, पाठ किंवा जबडा भरून येतो, नुसता थकवा येतो. हे मला नंतर कळलं. पाळी गेल्यावर बाईला निसर्गाकडून मिळणारं संरक्षण कमी होतं, हेही नंतरच.

आखाजीला घागर पुजली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, रशी, कुरडया. उन्हाचा पारा ४४ वर. पोळ्या मीच केल्या, चुलीपुढे बसून, सकाळी नऊपासून दीडपर्यंत. जेवले तीनला. संध्याकाळी घामाने अंग थबथबलं आणि जबड्याची कळ पाठीत उतरली. घरात सगळे म्हणाले ऊन लागलं. कैरीचं पन्हं प्यायले, कांदा हुंगला. रात्री दोन उलट्या झाल्या. सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, कागदाकडे बघितलं आणि मला काही न सांगता ह्यांना बाहेर नेलं. तासाभरात आम्ही धुळ्याच्या रस्त्याला होतो.

हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त नेणारी नळी ९० टक्के बंद होती. एक स्टेंट बसला, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी. रक्तदाब १५८/९६, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४८, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "एक नळी मोकळी केली. बाकीच्या नळ्याही तुमच्याच आहेत, त्यांनीही तेच खाल्लंय." घरी जाताना गोळ्यांची पिशवी दिली आणि आहारतज्ज्ञ मॅडमना भेटून जा म्हणाले.

मला वाटलं, आता ही मुलगी ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल सांगणार. मुलगी शिरपूरकडची निघाली. तिने पहिला प्रश्न विचारला, "काकू, तेलाचा डबा किती दिवस पुरतो?"

हे म्हणाले, "पुरतो की दोन-तीन महिने." घरात माणसं चार. आम्ही दोघं, मुलगा, आत्याबाई. तिने कागदावर लिहिलं: माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांना दोन लिटर. पंधरा किलोचा डबा म्हणजे साधारण १६ लिटर. तो आठ महिने चालला पाहिजे. मी विचारलं, पण तेल कुठलं वापरू? शेंगदाण्याचं की करडईचं? ती म्हणाली, "कुठलं ते नंतर बोलू. आधी किती."

घरी आल्यावर पडून राहायचं होतं, पण मला राहवेना. ग्रंथालयात तीस वर्षं तारखांचे शिक्के मारण्यात गेली, अंदाज हा शब्द मला सोसत नाही. किराणा दुकानदाराची उधारीची वही मागवली. डबा आणल्याच्या तारखा लावल्या. ५२ दिवस, ४७ दिवस, दिवाळीतला तर ३१. दिवाळी सोडून सरासरी धरू ५० दिवस. म्हणजे माणशी रोज ७५ ग्रॅम. मॅडमच्या हिशेबाने हवं होतं १५ ग्रॅम, चहाचे तीन चमचे. तळून उरलेलं थोडं फेकलं जातं, पाहुणे येतात, सगळं धरलं तरी आम्ही चौपट तेल खात होतो.

आणि हे भागिले चारही खरं नव्हतं. ते मला आठवडाभराने, रात्री झोप येत नव्हती तेव्हा उमगलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी ओट्याशी उभी राहून जेवते. शेवभाजी वाढून झाली की कढईच्या कडेला आणि बुडाशी लाल तर्री उरते, ती टाकवत नाही. भाकरीच्या तुकड्याने कढई पुसून खायची, अगदी चकचकीत होईपर्यंत. आईला तसंच करताना पाहिलं, तिच्या आईनेही तसंच केलं असणार. वर कालची उरलेली भाजी, लोणच्याची फोड, तुटलेले पापड. घरातली सगळ्यात तेलकट आणि सगळ्यात खारट थाळी माझी होती, आणि ती कधी ताटात वाढलीच गेली नव्हती, त्यामुळे कोणाला दिसली नाही. मलाही नाही.

खानदेशात तेल मोजणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. भाजीवर तर्री दिसली नाही तर पाहुणा समजतो, ह्यांचं बरं चाललेलं नाही. वांग्याच्या भरतात तेल तरंगलं पाहिजे. खिचडीवर कच्च्या तेलाची धार पाहिजे. अहो, फुणके! तुरीची डाळ वाटून वाफवलेले, इतका साधा पदार्थ, तर ते कुस्करून त्यावरही वाटीभर तेल. पथ्याचं जेवण रांधायला सुरुवात केली त्या दिवशी आत्याबाई कढईत डोकावून म्हणाल्या, "घरमा कोनी मरेल शे का?" सुतकात फोडणी देत नाहीत, म्हणून. मला हसूही आलं आणि रागही.

पण त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे. रेशनची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेत. तेल तेव्हा बोटाने लावायची वस्तू होती. पुढे घरात पहिल्यांदा अख्खा डबा आला तो दिवस त्यांना तारखेसकट आठवतो. अशा बाईने सुनेच्या ताटात धार सोडली तर ती माया असते. आणखी गंमत अशी की माझ्या निमित्ताने सगळ्यांचं रक्त तपासलं, तर आत्याबाईंचं कोलेस्टेरॉल घरात सगळ्यात चांगलं निघालं. चाळीस वर्षं शेतात राबलेलं शरीर. तेव्हापासून त्या मला रिपोर्ट दाखवून तेल घेतात.

तेलाचा विषय अमळनेरकराला तसा परका नाही. आज जगभर नाव असलेली विप्रो १९४५ साली आमच्याच गावात वनस्पती तेला-तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली. इथे ज्यांच्या वडिलांनी शेअर घेऊन ठेवले ते कुठल्या कुठे गेले. आमच्या लहानपणी लग्नातले लाडू वनस्पती तुपाचे, आणि ते भारी समजले जायचे. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटने हृदयाचं नुकसान होतं हे तेव्हा आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं. आता आपल्याकडे खाद्यतेलात आणि वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्के आहे, २०२२ पासून. बेकरीची खारी घेताना मी पाकीट उलटून बघते, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

स्वयंपाकात प्रत्यक्ष काय केलं ते सांगते, कारण "तेल कमी करा" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकत होते आणि त्याने एक थेंब कमी झाला नव्हता. रोज सकाळी दिवसाचं तेल एका छोट्या वाटीत काढून ठेवते. बारा चमचे. संपलं की संपलं. पहिल्या महिन्यात दुपारी तीनलाच वाटी रिकामी व्हायची आणि रात्री काय करावं कळायचं नाही. मग हळूहळू हात बसला. कांदा आधी कोरडाच परतायचा, खाली लागायला लागला की पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवायचं. डाळ, पालेभाजी बिनफोडणीची शिजवायची आणि शेवटी दोन चमच्यांत लसूण-जिरं-मिरची कडकडीत तडतडवून वरून ओतायची. सुरुवातीला घातलेलं तेल भाजीत बुडून जातं. शेवटी घातलं की पहिल्या घासाला नाकात शिरतं. दोन चमच्यांना चार चमच्यांचा मान मिळतो.

काही पदार्थांना हात लावायची गरजच नव्हती. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी. कळण्याची भाकरी, ज्वारीत सालासकट उडीद दळलेली. तिच्यात चोथाही आहे आणि प्रथिनंही. कळण्याच्या पुऱ्या होत्या त्यांच्या भाकरी केल्या, झालं. डुबुकवडे तर उकळत्या रश्शातच शिजतात. भरतासाठी वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर, भाजली की त्या धुराची चव एवढी असते की तेल निम्म्याहून खाली आणलं तरी हे काही बोलले नाहीत. पातीचा कांदा दुप्पट केला, खोबरं जवळजवळ काढलं, शेंगदाणे मूठभर ठेवले.

शेवभाजी मात्र जमली नाही. उगाच खोटं कशाला बोलू. शेवेच्या पाकिटामागे वाचलं, १०० ग्रॅमला ३८ ग्रॅम तेल, म्हणजे तर्री काढून टाकली तरी शेव आपलं तेल घेऊन येतेच. कमी तेलाचा रस्सा केला, शेव निम्मी घातली, मुलगा म्हणाला, "आई, ही शेवभाजी नाही, शेवेचं वरण आहे." खरंच होतं. आता घरी करतच नाही. दोन-अडीच महिन्यांतून एकदा ढाब्यावर जातो, मी छोटी वाटी घेते आणि मनापासून खाते. नकली खाऊन रोज चरफडण्यापेक्षा हे बरं.

मिठाचं गाडं वेगळंच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, सगळं धरून. भाजीतलं मीठ पंधरा दिवसांत कमी करता आलं, जीभ महिन्याभरात सरावली. पण खरं मीठ भाजीत नव्हतंच. ते माळ्यावरच्या डब्यांत होतं. चैत्र-वैशाखात घराघरांवर खाटा टाकून बिबडे, उडदाचे पापड, कुरडया होतात. त्यात मीठ, वर पापडखार, आणि खारातही सोडियमच. मग तळून आणखी तेल. जेवणात रोज दोन पापड आणि लोणचं हे आम्ही कधी खाणं म्हणून मोजलंच नव्हतं. शेजारणीने सैंधव आणून दिलं, "ह्याने काही होत नाही." सैंधवही मीठच, मी परत दिलं. दुसरीने कमी सोडियमचं मीठ सुचवलं. ते डॉक्टरांना दाखवलं तर ते नको म्हणाले, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीनेही पोटॅशियम वाढू शकतं. मग आमच्या भागात टोपलीने येणाऱ्या केळ्यांचं काय? माझी किडनी तपासली, ठीक होती, रोज एक केळं खा म्हणाले. ज्याची किडनी नाजूक त्याला हेही विचारूनच खावं लागतं.

आता जे सांगायला लाज वाटते ते. दवाखान्यात नर्सने विचारलं, तंबाखू, गुटखा, बिडी? मी म्हटलं, छे. आणि पिशवीत मशेरीची डबी होती. आमच्याकडे कितीतरी बायका भाजलेल्या तंबाखूने दात घासतात आणि त्याला व्यसन कोणी म्हणत नाही. मी बावीस वर्षं सकाळी आणि रात्री लावत होते, पोट साफ होतं म्हणून. घरी येऊन आठ दिवस झाल्यावर पुन्हा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी स्वतः विचारलं, "मशेरी?" असं नाव घेऊनच विचारलं म्हणून खोटं बोलवलं नाही. तेही तंबाखूच, त्यानेही ठोके आणि रक्तदाब वाढतो, आजपासून बंद, म्हणाले. तेल कमी करणं ह्याच्यापुढे खेळ होता. डोकं दुखायचं, पोट कोंडायचं, मुलावर विनाकारण ओरडायचे. बडीशेप तोंडात टाकून दोन महिने काढले. एकदा चोरून लावली, दिवाळीच्या फराळाच्या दिवशी. त्यानंतर नाही.

आणखी एक चूक. जुलैमध्ये कोणीतरी सांगितलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर जातं, त्यापेक्षा लसूण आणि अर्जुनाचा काढा घे. बारा दिवस गोळी बंद ठेवली, घरात कोणाला न सांगता. तपासणीला गेल्यावर कबूल केलं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "लसूण भाजीत खा. गोळी गोळीच्या जागी. आणि रक्त पातळ करणारी बंद केली असतीत तर स्टेंटमध्ये गाठ होऊन इथे बोलायला आला नसतात." माझे हात गार पडले. तेव्हापासून गोळ्यांच्या पानांवर वार लिहिलेले आहेत, एकादशी असो की आणखी काही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले बटाटे मात्र सुटले. भगर खाते, ताकाबरोबर.

चालायला सुरुवात पाच मिनिटांपासून, अंगणातल्या अंगणात. मग दहा. तीन महिन्यांनी अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. ह्या वयात पहिल्यांदा बूट घेतले, साडीखाली. पहाटे साडेपाचला निघते, कारण मे महिन्यात सातनंतर आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंही नसतं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक ओट्यावरून हाक, "काय व्हयनं वं, कुठे चालल्या इतक्या पहाटे?" आता त्यातल्या दोघी बरोबर असतात. वेग किती हवा, तर चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. आखाजीच्या झोक्याचं गाणं म्हणून बघते. दुसऱ्या ओळीला दम तुटला की वेग बरोबर.

तेल, मीठ, चालणं, मशेरी, हे सगळं एका बाजूला. सगळ्यात अवघड ठरलं ते सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसणं. मॅडमनी ते कागदावर लिहिलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. भाकरी गरम पाहिजेत ह्या घरात, मग मी बसायचं कसं? पहिले दोन महिने मुलगा चरफडत भाकरी थापायला शिकला. त्याच्या भाकरीचा नकाशा व्हायचा. आता भाकरी करून कापडात गुंडाळून ठेवते आणि चौघं एकदम बसतो. थोड्या गार असतात. जेवून उठल्यावर कढई लगेच पाण्यात टाकते, म्हणजे मोह नको. पहिल्यांदा टाकली तेव्हा आत्याबाई उठून आल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या काहीच नाही. त्याचं मला दोन दिवस वाईट वाटलं.

आकडे सांगते. रक्तदाब आता १२८/८० च्या आसपास. एलडीएल ६२. ह्यातलं मुख्य काम गोळीचं आहे, ती एकटीच निम्म्याने उतरवू शकते, तेव्हा कोणी माझी वाटी बघून गोळी सोडू नका. वजन साडेपाच किलो उतरलं. ह्यांचं चार किलो, काहीही न करता, कारण जे शिजतं तेच खातात. डब्याच्या तारखा मी कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिते. दवाखान्यातून आल्यावर फोडलेला पहिला डबा ९६ दिवस गेला. दुसरा दिवाळी धरून १४१. म्हणजे अजून माणशी २७ ग्रॅम, मॅडमच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट. तिसरा चालू आहे.

आता पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न. आचारी यादी घेऊन आला. वांग्याची घोटलेली भाजी, वरण-बट्टी, जिलबी. यादीत तेल ९ डबे. मी म्हटलं, इतकं कशाला? तो म्हणाला, "बाई, तुमची तब्येत समजली, पण तर्री नाही दिसली तर वऱ्हाड नाव ठेवेल, आणि ते तुम्हाला नाही, मला ठेवेल." अर्धा तास घासाघीस केली आणि ९ खोडून ८ लिहिला.

आत्याबाईंना अक्षर वाचता येत नाही, आकडे येतात. दुसऱ्या दिवशी यादी बघितली तर ८ वर काट होती आणि शेजारी थरथरत्या हाताने ९ काढलेला. यादी तशीच घडी घालून ह्यांच्या हातात दिली.